वरचा थर

१४ नोव्हेंबर

प्रिय दादास,
नमस्कार. मी ठीक आहे. नव्या खोलीत ऊन येतं, शेजारी बरे आहेत. वहिनीचा खोकला थांबला का? काकांना मी माझ्याकडे आणलंय, हे तुला कळलंच असेल.

त्यांच्या खुब्याचं हाड जुळलं, पण आता ते उभे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. खिडकीशी पडून असतात आणि तुझी चौकशी करतात. तुला कामाचा फार व्याप आहे, असं मी सांगते.

कृत्रिम पायाच्या गुडघ्यात पिनेभोवती बसणाऱ्या कड्याला, त्या बुशला, तेल लागू नये, ही कल्पना आपल्या दोघांची. तापवलेल्या नायलॉनच्या पृष्ठभागात ग्राफाइटची पूड दाबून बसवायची. सांधा हलला की ती थोडी थोडी सुटते आणि तीच वंगण होते. पहिली बुश काकांच्याच पायात बसवली. आपल्या कारखान्यात सगळीकडे फिरून ते म्हणाले, कुरकुर गेली, आता चोऱ्या करायला हरकत नाही. किती हसलो होतो आपण.

पण पूड वरच्या थरातच होती. तो झिजला की बुश कोरडी पडते आणि पिनेला धरून बसते, हे मी तुला चाचणीच्या यंत्रावर दाखवलं होतं. पूड खोलवर घालू या, म्हटलं. तू म्हणालास, साचे बदलावे लागतील, पाय वेळेत देण्याचा रुग्णालयाला शब्द दिलाय, आणि एवढं चालतंय कोण?

काका चालत होते, दादा. तो पाय मिळाल्यापासून त्यांचा पाय घरात ठरत नव्हता.

जिना उतरताना गुडघा अडकला. रुग्णालयाकडून चौकशीला आलेल्या बाईंना मात्र त्यांनी सांगितलं, चूक माझी, घाईत उतरलो. मला वाटलं, मायेपोटी बोलले. काल भरवताना विचारलं, तर त्यांनी घास बाजूला सारला.

मग म्हणाले, "तोच म्हणाला, काका, एवढं बोला, नाहीतर कारखाना बसेल. बाप गेल्यावर मी वाढवलेलं पोर. त्याला नाही कसं म्हणू?"

अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे तू हे मागितलंस.

आज सकाळी मी रुग्णालयात गेले. काकांची झिजलेली बुश तिथल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि चाचणीत काय दिसलं होतं, ते सगळं सांगितलं. आपले पाय बसवलेल्या सगळ्यांना ते परत बोलावताहेत. कारखाना बहुतेक बसेलच. काकांना अजून सांगितलेलं नाही. ते रडतील, आणि तेही तुझ्यासाठी.

त्यांना भेटून जा. तू येशील तेव्हा मी घरात नसेन.

इलाज नाही म्हणून,
तुझी बहीण