कोर्ट उठेपर्यंत

ता. कळंब, जि. यवतमाळ
शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

प्रिय राजकुमार,

दादाचा सप्रेम जयभीम. नऊ वर्षांनी तुला लिहितो आहे. फोन तू उचलत नाहीस, त्याचा राग नाही. तुझी वहिनी बरी आहे, गुडघा तेवढा धरतो. शेजारच्या मथुराबाई अजून तुझी विचारपूस करतात. तुझ्या वणीकडचा ट्रक आला-गेला की ड्रायव्हरला विचारतात, आमचा राजू दिसला का म्हणून.

माझ्याबद्दल तुझ्या कानावर काही आलं असेल. ते नीट कळावं म्हणून सहा मार्चच्या सकाळपासून सांगतो.

त्या सकाळी मी रोजच्यासारखा साडेपाचला उठलो, आंघोळ केली आणि विहाराचं कुलूप उघडलं. झाडून काढलं. मूर्तीसमोरचं पाणी बदललं, बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसली. रविवार नसून गुरुवार होता, तरी सात-आठ माणसं आली होती. मी पुढे बसून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं, ते माझ्या मागून म्हणाले. पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, म्हणताना माझा आवाज जास्तच खणखणीत लागतो असं मथुराबाई नेहमी म्हणतात. त्या दिवशीही म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी साडेसातला मी यवतमाळ रोडवर पोलिसांच्या गाडीजवळ उभा होतो. एक तरुण हवालदार माझ्या तोंडासमोर नळी धरून म्हणत होता, "काका, फुका जोरानं. वाढदिवसाले मेणबत्ती इझवता ना, तसं."

मी म्हणालो, "आम्ही मेणबत्ती लावतो बाबू, इझवत नाही."

तो हसला. मग मशीनवरचा आकडा पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

मला खोकला होता. खोकल्याचं औषध जरा जास्त घेतलं गेलं, त्यात अल्कोहोल असतं. वळणावर बैलगाडी आडवी आली, मोटारसायकल डांबराखाली उतरली आणि पोलिसांनी ते पाहिलं. गाडीवर मी एकटाच होतो. कोणाला काही झालं नाही.

मग सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं. ठाण्यात कागद झाले. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर पंचवीस वर्षं काट्याची पावती लिहिणारा मी, स्वतःच्या अटकेच्या कागदावर सही कुठे करायची ते हवालदाराला विचारत होतो. आपल्या विहार समितीचे अध्यक्ष नागोराव जामीन राहिले. गाडी जमा आहे. सतरा तारखेला कळंबच्या कोर्टात हजर व्हायचं आहे.

गावानं मला एका शब्दानं विचारलं नाही. उलट समितीनं एक कागद केला आहे: भीमराज नगराळे हे विहारात पंचशील देतात, त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही, आम्ही त्यांना ओळखतो. खाली एकतीस सह्या. मथुराबाईंनी अंगठा दिला. हा कागद वकीलसाहेब कोर्टात देणार आहेत.

आपले बाबा गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपल्या दोघांत जे झालं त्यावर इथे लिहीत नाही. विहाराची वेळ झाली. बाकीचं उद्या.

*

रविवार, २० एप्रिल

उद्याचं आज झालं. वरचं पान टेबलाच्या खणात होतं. ते फाडून नवं लिहिणार होतो. पण राहू दे. त्यात दोन गोष्टी खोट्या आहेत आणि मी त्या किती सरळ अक्षरात लिहिल्या ते तू पाहावंस.

औषध नव्हतं. दारू होती. तीही त्या दिवशी पहिल्यांदा नव्हती. दोन वर्षांपूर्वी दाढ दुखत होती तेव्हा जिनिंगमधल्या एकानं दिली. दाढ काढून टाकली, पिणं तसंच राहिलं. सहा वाजता काटा बंद केला की मागच्या खोलीत एक ग्लास, मग तोंडात लवंग, मग घर. का, ते मी शोधत नाही. शोधलं तर काहीतरी कारण सापडेल आणि मी ते तुला लिहीन.

मला वाटत होतं कोणाला माहीत नाही. ठाण्यातून घरी आलो तेव्हा तुझी वहिनी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "दोन वर्षं झाले तुमच्या तोंडाले लवंगचा वास येते. दात तं एकबी दुखत नाही तुमचा." एवढंच. पुढे भाकरी वाढली.

दुसरी गोष्ट लिहिताना मी दुपारपासून तीनदा उठलो.

मी गाडीवर एकटा नव्हतो. मागे पायल होती.

तुझी पायल, राजू. यवतमाळला नर्सिंगला आली त्या वर्षापासून ती सुट्टीला आमच्याकडे येते. तुला सांगायचं नाही असं आमचं तिघांचं ठरलं होतं. त्या दिवशी मी तिला बसस्टँडवरून घेतलं तेव्हा तीन ग्लास झालेले होते. गाडी डांबराखाली उतरली तेव्हा ती पडली. उजवं कोपर खरचटलं. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये घसरले असं तिनं तुला सांगितलं, ते हेच. बैलगाडीचं चाक तिच्यापासून दोन हातांवर थांबलं. गाडीवान उतरला आणि त्यानं आधी तिला उठवलं.

ते दोन हात मला अजून दिसतात. जेवताना दिसतात, काट्यावर बसल्यावर दिसतात.

पोलीस आले. हवालदारानं माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. मी काही बोलायच्या आत, कोपर धरून उभी असलेली पायल म्हणाली, "साहेब, हे माझे मोठेबाबा आहेत. त्यांना खोकला आहे. औषध घेतलं त्यांनी, माझ्यासमोर."

औषध हा शब्द तिचा. मला तो सुचलासुद्धा नव्हता. पण मी तो धरला. ठाण्यात तेच सांगितलं, नागोरावांना तेच, वकिलांना तेच. वकीलसाहेबांनी खोटं बोला असं कधी म्हटलं नाही, त्यांना दोष नको. रक्ताच्या तपासणीपुढे हे कितपत टिकेल सांगता येत नाही, असंही ते म्हणाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "घेताना कोणी पाहिलं का?" आणि मी तिचं नाव दिलं. समितीच्या कागदावर सगळ्यात वर तिची ओळ आहे: माझ्यासमोर औषध घेतले. खाली सही.

माणसं मला मान देतात हे माहीत होतं. त्या मानावर एवढं मोठं खोटं इतक्या सहज उभं राहतं, हे पाहून मी सुन्न झालो. कोणी शंका तरी घ्यायला हवी होती.

चौदा तारखेला जयंती. तुला तिनं परीक्षा आहे म्हणून सांगितलं, ती इथे होती. चौकात मांडव होता, माणसं रस्त्यापर्यंत. माइक माझ्याच हातात दिला. मी एकेक शील म्हणत होतो, सगळा मांडव मागून म्हणत होता. पायल पहिल्या ओळीत पांढऱ्या साडीत उभी होती, हात जोडून. पहिलं म्हणाली, दुसरं म्हणाली, तिसरं म्हणाली. चौथं आलं, खोटं बोलणार नाही हे, आणि तिचे ओठ मिटले. पाचवं आलं तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी पाचवं म्हटलं. आवाज खणखणीतच लागला.

संध्याकाळी ती अंगणात माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मोठेबाबा, सतराला मी येते कोर्टात. विचारलं तर सांगीन. तुम्ही टेन्शन नका घेऊ, मला सारं पाठ आहे."

ती चार वर्षांची असताना हेच म्हणायची, तुला आठवत असेल. माझ्या मांडीवर बसून पाचही शिलं बोबडी म्हणायची आणि मग, मोठेबाबा, माले सारं पाठ आहे. तिला ती मी शिकवली होती. आता माझ्या पाचव्यासाठी ती आपलं चौथं मोडायला निघाली होती, आणि तेही पाठ करून.

रात्री मी वकिलांना फोन केला नाही. कोणालाच काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी समजावलं असतं आणि मी ऐकलं असतं.

सतराला अकरा वाजता कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही पाच जण होतो: मी, नागोराव, वकीलसाहेब, पायल आणि मथुराबाई. "माह्या अंगठा हाय कागदावर, साहेबानं इचारलं तं?" म्हणून त्या ऐकेचनात. सोबत भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. नागोराव म्हणाले, "मावशी, हे कोर्ट हाय, जत्रा नाही." त्या म्हणाल्या, "मंग उपाशी बसू का?"

साडेबाराला शिपायानं पुकारा केला. "भीमराज सूर्यभान नगराळे, हाजिर!"

बाबांचं नाव असं ओरडून घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा कोर्टाची पायरी चढले नाहीत कधी. शिपायानं पुन्हा पुकारलं. पायलनं माझ्या कोपराला हात लावला, त्याच खरचटलेल्या हातानं, तेव्हा मी आत गेलो.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला: दारू पिऊन वाहन चालवले. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

वकीलसाहेब अर्धे उठले होते. समितीचा कागद माझ्या खिशात होता. सकाळीच मी तो त्यांच्याकडून पाहायला म्हणून मागून घेतला होता आणि परत दिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे हात केला. मी कागद काढला नाही. म्हणालो, "कबूल आहे."

बाईंनी विचारलं, "कोणाचा दबाव आहे का? परिणाम माहीत आहेत?"

"दबाव नाही. दारू होती, औषध नव्हतं. मागं माझ्या भावाची मुलगी बसली होती."

हे शेवटचं त्यांनी विचारलं नव्हतं.

दंड झाला, तो भरला. लायसन्स काही महिने बंद राहील. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे बेड्या वगैरे नाही रे. कोर्टाचं काम संपून न्यायाधीश उठेपर्यंत तिथेच मागच्या बाकावर बसून राहायचं. पोलीस म्हणाला, "काका, पाणी प्यायचं तं पिऊन या. बाकी हलू नका."

साडेपाचपर्यंत बसलो. दुसऱ्यांचे पुकारे होत होते, माणसं येत-जात होती, माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. दाराबाहेर पायल बसलेली दिसायची. आणि मला तू दिसलास. बाबांच्या पुण्यानुमोदनाला तू थेट ट्रकवरून आलास, तोंडाला वास होता, हातात मेणबत्ती होती. मी सगळ्यांदेखत ती तुझ्या हातातून काढून घेतली. म्हणालो, पाचवं शील मोडणाऱ्याच्या हातून इथे ज्योत लागणार नाही. तू वाद घातला नाहीस. चपला घालून विहाराच्या पायरीवर बसलास, कार्यक्रम संपेपर्यंत. मग उठून गेलास. मला पाच तास बसवलं, तेही बसायला बाक देऊन. तुला नऊ वर्षं झाली. पायल सांगते, तू दारू सोडून सहा वर्षं झाली. कोणाला न सांगता सोडलीस. मीही कोणाला न सांगताच धरली होती.

आज सकाळी विहारात सगळे होते. वंदनेआधी मी उभा राहिलो आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. मेणबत्तीचंही सांगितलं. ती त्यांच्यासमोर घेतली होती, म्हणून ती चूकही त्यांच्यासमोरच कबूल केली.

मग मथुराबाई म्हणाल्या, "मंग माह्या अंगठ्याचं काय केलं?"

"कागद दिला नाही मावशी. माह्यापाशीच हाय."

"आण इकडं."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, आपला अंगठा शोधला आणि तेवढाच तुकडा फाडून पदराला बांधला. बाकीचा कागद मला परत दिला. मला वाटलं रागावतील. म्हणाल्या, "पोरीचा बी फाडून दे तिले." मी वरची ओळ फाडून पायलच्या हातात दिली.

हे पत्र तीच घेऊन येते आहे. तिला बोलू नको. पहिला शब्द तिनं मला वाचवायला काढला, पुढचं सगळं मी तिच्याकडून करवून घेतलं. कोपर पाहून घे, वण राहिला आहे. मला जे बोलायचं ते बोल, मी फोन उचलीन. जूनमध्ये बाबा गेले ती तारीख येते. बोलावणं करायचा हक्क मला नाही, तारीख तेवढी कळवतो.

विहाराची किल्ली मी नागोरावांच्या हातात दिली. त्यांचा मुलगा धम्मरत्न पुढे बसला. मी मागच्या सतरंजीवर, दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसलो. त्यानं एकेक शील म्हटलं. माझा आवाज नीट लागला नाही, पण पाचही म्हटली.

मागून म्हणणारा,
तुझा दादा
भीमराज