टॉनिक बंद करण्याबाबत

ती. मावशीस,

सादर नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? काका कानातलं यंत्र लावतात, की तू बोलायला लागलीस की अजूनही काढून ठेवतात? इकडे सगळे बरे आहेत. 'बरे' हा शब्द विचार करून लिहिला आहे, पुढे आकडे देतेच.

विषय तुझं टॉनिक. गेली अकरा वर्षं तू दर दोन महिन्यांनी ती लोहाची काळी बाटली पाठवतेस आणि मी निमूट पिते. दात काळे पडू नयेत म्हणून नळीने ओढायला शिकले. (पोटाचं लिहीत नाही, पत्र काकाही वाचतात.) हिमोग्लोबिन मात्र अकराच्या आसपास मांडी घालून बसलेलं. तुझ्या मते मी तोंड वाकडं करून पिते म्हणून ते अंगी लागत नाही.

सहा वर्षं प्रयोगशाळेत लोकांचं रक्त मोजतेय, पण स्वतःचं कधी नीट पाहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात यंत्र दुरुस्त होऊन आलं, तपासून बघायला नमुना हवा होता, म्हणून माझाच दिला. (त्याच दिवशी आमची लिफ्टही बंद होती. तिचा इथे संबंध नाही.) हिमोग्लोबिन ११.२. तांबड्या पेशींचा आकार ६२, म्हणजे फारच लहान. इथवर तुझंच खरं. पण पेशींची संख्या निघाली ५.८, म्हणजे गरजेपेक्षा जास्त! लोह कमी असलं की कारखान्यात मालच नसतो. पेशी लहान निघतात, कमी निघतात आणि एकीसारखी दुसरी नसते. माझ्याकडे माल भरपूर आहे, साचाच लहान आहे. म्हणून सगळ्या लहान, सगळ्या सारख्या, आणि ढिगाने. आकाराला संख्येने भागायचं. उत्तर तेराच्या वर आलं तर संशय लोहावर, खाली आलं तर घराण्यावर. माझं आलं १०.७. हा नुसता अंदाज असतो, म्हणून पुढची तपासणीही केली. लोहाचा साठा काठोकाठ, आणि मी थॅलेसेमियाची वाहक. आजारी नाही, नुसती वाहक. साचा टॉनिकने मोठा होत नाही.

मग आईबाबांचं रक्त घ्यायचं ठरलं. बाबांनी बाही वर केली, सुई पाहिली आणि सोफ्यावर आडवे झाले, अहवाल चांगला आल्यावर मात्र "मी पास!" म्हणत घरभर फिरले. आई म्हणाली, "माझं रक्त कशाला हवंय तुला? नऊ महिने दिलंय की!" तिला राजी करायला चार दिवस लागले. तिचं उत्तर १०.९. तेव्हापासून ती माझ्याशी तुटक बोलते. "म्हणजे खोट माझ्या माहेरची?" मी म्हटलं, खोट नाही, साचा. "आमच्याकडे सगळे पहिल्यापासून गोरेच आहेत," एवढं बोलून तिने कपाट आवरायला काढलं. (तू तिची सख्खी बहीण आणि तितकीच गोरी आहेस. तुझीही तपासणी करून घे.)

वाहक असण्याने माझं काही अडत नाही. फक्त नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक मुलाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक. हे केवळ माहितीसाठी लिहिलं आहे.

(तुलनेसाठी दुसरा नमुना: आमची लिफ्ट दुरुस्त करणारा. दर तीन महिन्यांनी तो आमच्या रक्तपेढीत रक्त देतो. यावेळी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवला, तर माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर रुसून बसला. "माझं रक्त नापास कसं होईल हो?" ११.२. माझ्याइतकंच. पेशी त्याच्याही लहान, ७४.)

तेव्हा टॉनिक बंद कर, ही विनंती.

तुझी भाची

ता. क. लिफ्टवाल्याचा नमुना मी यंत्रातून तीनदा काढला. प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं, "हा कोण एवढा मोठा माणूस?" मी म्हटलं, लिफ्टचा. भागाकार हाताने केला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा उलटा केला: उत्तर ०.०६. तेराच्या केवढं खाली! मी स्टुलावर बसले. मॅडमनी कागद सरळ करून दिला. आकार ७४, संख्या ४.७, उत्तर १५.७. लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. सगळं वाटून बसलाय. डॉक्टर म्हणाले, तीन महिने लोह द्या, साठा रिकामा असताना साच्याची तपासणी फसवते, ती मग करून पक्कं सांगू.

आणखी एक ता. क. टॉनिक बंद करू नकोस. पुढच्या खेपेला दोन बाटल्या पाठव. त्याला चव आवडली. (नळीशिवाय पितो.) आईला हे तूच सांग, आणि आधी ती कपाट आवरत नाहीये ना, ते बघ.