हद्दीवरची बावीस झुडपं

४ नोव्हेंबर

तिसरं झुडूपही गेलं! काल शेंडे पिवळे होते, आज तपकिरी. हात लावला की पानांचा सडा. बावीस झुडपं लावली होती मी — अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून, दोन-दोन फुटांवर. एकही पाहुणा ती ओळ बघून 'वा' म्हटल्याशिवाय घरात शिरलेला नाही. आता पुढचे तीन दात पडल्यासारखं दिसतंय कुंपण.

कुंपणापलीकडे धाकटा राहतो. माझा सख्खा भाऊ. त्याला 'पलीकडचा' म्हणायचं, असा घरात नियम आहे. वडिलांच्या मागे घराचे दोन भाग झाले. मोजणी मी केली. बत्तीस वर्षं मोजणी खात्यात घासली, मग दुसरं कोण करणार? तर या गृहस्थाने माझ्या पाठीमागे दुसरा मोजणीदार आणला! माझ्या मोजणीवर मोजणी! निघालं काय? तसूभरही फरक नाही. त्याच दिवशी बोलणं बंद केलं आणि हद्दीवर ही झुडपं लावली, त्याचं तोंड दिसू नये म्हणून. अकरा वर्षं झाली. छान गेली.

५ नोव्हेंबर

कोपऱ्यावरच्या बंगल्याचा माळी येऊन बघून गेला. "पाणी कमी पडतंय." दुपारी समोरचे मास्तर डोकावले — "पाणी जास्त होतंय हो." दोघांचेही आभार मानले. एवढी अक्कल फुकट वाटणारी माणसं आसपास असताना झाडं मरतातच कशी!

रात्री लेकीचा फोन. "बाबा, फोटो पाठवा, मी नेटवर बघते." नेटवर! पाठवला नाही.

८ नोव्हेंबर

शेवटी स्वतःच हाती घेतलं. पहिली तिन्ही जिवंत लाकडापर्यंत खाली छाटली. चौथं, पाचवं, सहावं धडधाकट होतं, पण कात्री हातात होतीच, तर वरून एक हात फिरवला. कडा कशा, पट्टीने आखल्यासारख्या! काम असं असतं. माळ्याला मुद्दाम बोलावून दाखवणार होतो, पण कशाला त्याला शिकवा.

१९ नोव्हेंबर

चौथं, पाचवं, सहावं — तिन्ही! नंबरवारीने! रोगसुद्धा असा शिस्तीचा मी पाहिलेला नाही. आता एकेकाची वाट बघत बसणार नाही. ही तीन खालून छाटली आणि त्याच दमात सातव्यापासून विसाव्यापर्यंत सगळ्यांचे शेंडे उडवले. खांदे भरून आलेत.

छाटल्यामुळे भलंमोठं भगदाड पडलंय. त्यातून पलीकडच्याचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. चहा करत होता. साखर चमच्यात घेतो, बोटाने सपाट करतो, मग घालतो! आयुष्यभर दवाखान्यात कंपाउंडर होता, अजून डोस मोजतोय. पाठीला बाक आलाय. एकदा मान वर करून बघितलं त्याने. माझ्याकडे नाही, माझ्या हातातल्या कात्रीकडे. बघतोस काय!

२० नोव्हेंबर

जेवताना ही म्हणाली, "एक झाड झालं की कात्री साफ करून मग दुसऱ्याला लावावी, म्हणतात."

म्हणतात! कोण म्हणतात? ही ताटं उचलायला लागली. मोजणीची साखळी रोज पुसून, तेल लावून ठेवणारा माणूस मी. माझ्या कात्रीत तोंड बघून भांग पाडावा. आणि मला शिकवतंय कोण, तर भाजीत मीठ घातलं की नाही हे ज्यांना आठवत नाही, त्या.

२४ नोव्हेंबर

सापडला! पुरावा!

हद्दीच्या दगडावर, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, तपकिरी बाटली. लेबल नाही. गळ्याला दोऱ्याने कापसाचा बोळा बांधलेला. बूच काढलं तर वास थेट मेंदूत — दवाखान्याचा! म्हणजे हा पठ्ठ्या बोळा बुडवून एकेका खोडाला विष पुसत चाललाय. आणि वेंधळा किती! बाटली तिथेच विसरला. लहानपणीही असाच. पेरू चोरायचा आणि अर्धा खाल्लेला खिशात ठेवून घरी यायचा. मार मात्र दोघांना.

बाटली माझ्या कपाटात. कुलूप लावलंय. किल्ली उशीखाली.

२५ नोव्हेंबर

गवंड्याला बोलावून जागा दाखवली. कुंपण मुळासकट काढायचं, आठ फुटी भिंत घालायची. पंधरा डिसेंबरला येतो म्हणाला.

ही म्हणाली, "त्यांची एकच खिडकी आहे त्या बाजूला. अंधार होईल स्वयंपाकघरात."

"दिवा लावतील."

मग बराच वेळ भांडी आपटत होती. संध्याकाळी पुन्हा — "तिचे गुडघे गेलेत. बाहेर पडत नाही. दिवसभर त्याच खिडकीशी बसते." ती म्हणजे पलीकडच्याची बायको. हिला हे कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. जावा-जावांचं काय चालतं, त्यात मी पडत नाही. पण भिंत आठ फुटांचीच होईल.

२६ नोव्हेंबर

ही बोलत नाही. बरंय. शांतता आहे.

५ डिसेंबर

सातव्यापासून विसाव्यापर्यंत सगळी करपली. सगळी! बाटली माझ्या कुलपात, तरी मरतायत — म्हणजे दुसरी आणली चोराने.

आणि गंमत बघा. एकविसावं आणि बाविसावं हिरवंगार! ही दोन पाण्याच्या टाकीमागे, तिथे माझी कात्री पोचत नाही. वर्षानुवर्षं झिपरी वाढलीयेत, ओळीला नुसता कलंक. पण ती नेमकी त्याच्या मोरीच्या आडोशाला. स्वतःचा आडोसा तेवढा राखला लबाडाने! आणखी काय पुरावा हवा? मास्तरांना सांगितलं, माळ्याला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं. मास्तर म्हणाले, "सख्खा भाऊ असं करेल?" मास्तरांना आयुष्यात भाऊ नाही, म्हणून असे प्रश्न पडतात.

१२ डिसेंबर

रोपवाटिकेच्या बाईंना बोलावलं. विष घातलंय असं दोन ओळींत लेखी द्यायचं, एवढंच काम. जाड चष्मा, चिखलाने माखलेले बूट, नमस्कारसुद्धा नाही. तशाच वाफ्यात घुसल्या. फांदी उभी चिरली, आतला काळा पट्टा बघितला.

"बुरशी आहे. टाकीमागची दोन कोण छाटतं?"

"कोणीच नाही."

"आणि बाकीची?"

"मी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"कात्री एकच? मध्ये पुसता का?"

"तेल लावतो."

"तेलाने बुरशी जात नाही हो, काका. पहिल्याचा रोग तुम्हीच पार विसाव्यापर्यंत पोचवलात."

काका! मी हसलो. त्यांना लागावं असं हसलो. कपाट उघडलं, बाटली आणून त्यांच्यासमोर धरली. म्हटलं, हे बघा आणि मग बोला. पलीकडून ठेवलेली!

बाईंनी बूच काढलं. एक थेंब मनगटावर घेतला, तो बघता बघता उडून गेला. "स्पिरिट आहे. कात्री पुसायचं. हेच तर मी सांगणार होते. आणि बोळासुद्धा बांधून दिलाय! मग वापरलं का नाही?"

ही दारात उभी होती. माझ्याकडे न बघता पायपुसणं सरळ करत होती.

बाई गेल्या. तेव्हापासून इथे बसलोय. बोलायची बंदी मी घातली होती, म्हणून त्याने आधी बायकांकडून सांगितलं. मी ते उडवून लावलं. मग बाटली आणून ठेवली, माझ्या नजरेस पडेल अशी, दगडाच्या मधोमध. विसरला नव्हता. बोळा बांधलेला दोरासुद्धा त्याच्या दवाखान्याच्या पुड्यांना असायचा तसला, पांढरा. आणि मी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आलो. लाज वाटते.

१३ डिसेंबर

गवंड्याला फोन केला. येऊ नका. "का हो साहेब, काय झालं?" मोजणी चुकली, म्हणालो.

मास्तरांकडे गेलो, माळ्याकडेही. दूधवाल्याला उद्या सांगेन.

१४ डिसेंबर

सकाळी दगडाशी उभं राहून कात्री पुसली. पहिल्याची मेलेली फांदी काढली. पुसली. दुसऱ्याची काढली. पुसली. खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी वर बघितलं नाही.

"दादा, संपली की सांग. अजून आहे माझ्याकडे."

"अर्धी आहे," म्हणालो.

एवढंच बोललो. पण आधी क्षणभर दचकलो होतो, वडीलच बोलले असं वाटलं. अकरा वर्षांत त्याचा आवाज हुबेहूब वडिलांसारखा झालाय, आणि मला माहीतच नव्हतं.