मागच्या खोलीचे झाकण

मी, खाली सही करणारी, खाणकामगाराची विधवा, शिवणकामावर पोट भरलेली बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसे सांगितले आहे. अक्षर हलते आहे, कारण मला भीती वाटते आहे. भीती वाटणे म्हणजे भ्रम होणे नव्हे, हे वकिलांनी ध्यानात घ्यावे.

१. घराविषयी. हे घर बंद पडलेल्या खाणीवर उभे आहे. आमचे हे त्या खाणीत टेकू लावायचे, म्हणजे वरचा खडक माणसांवर कोसळू नये म्हणून बोगद्यात जाडजूड लाकडे उभी करायचे. खाण बंद झाली तेव्हा सगळ्या वस्तीने तीच लाकडे खालून काढून आणली आणि घरांच्या छपरांना लावली. आमच्या डोक्यावरही तीच आहेत. "डोंगर पेलला ज्यांनी, त्यांना छप्पर काय जड?" असे हे मिशीवर ताव देत म्हणायचे. फक्त माझ्या धाकट्या दिरांनी एकही लाकूड घेतले नाही. "दादा, ज्याच्यावर उभं राहायचं तेच काढून डोक्यावर घेतोस?" एवढेच ते म्हणाले, आणि दोन घरांचे बोलणे कायमचे तुटले. दिरांचे बरोबर होते. त्याचा मला अजून राग येतो.

२. खड्ड्याविषयी. मागच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनखाली, जमीन खचली. एका गवंड्याने खड्ड्यावर काँक्रीटचे झाकण ओतले, वर फरशी बसवली आणि "मावशी, आता हत्ती नाचवा" म्हणून निघून गेला. झाकणाखालची माती गळतच राहिली. काठी आपटली की पूर्वी ठक्क वाजायचे, आता रिकाम्या पिंपासारखे वाजते. कपाटाचे दार आपोआप उघडते. मी चपला घालून झोपते.

आता खड्डा बुजवायला बोलावलेला मुकादम म्हणतो, दोनच उपाय आहेत. एक, मागची भिंत पाडून यंत्र आत आणायचे, खड्डा खडकापर्यंत उकरायचा, तळाशी जिथून माती बोगद्यात गळते त्या तोंडावर मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी आणि मग माती ठोकून बसवायची. यात कोणाच्या जिवाला धोका नाही, पण ती भिंत गेली की छप्पर उतरवावे लागेल, म्हणजे घर गेलेच. दुसरा, झाकण फोडून माणूस दोराने खाली सोडायचा आणि त्याने हाताने दगड रचून ते तोंड बुजवायचे. मग घर वाचते. मुकादमाची माणसे उतरायला तयार नाहीत. माझा मुलगा तयार आहे. तो उद्या उतरणार आहे.

३. म्हणून हे घर मी मुलाला न देता माझ्या दिरांना देते. मुलगा काकांचे नावही काढत नाही. त्यांच्या घरासाठी तो जीव धोक्यात घालणार नाही. मला कोणी कारस्थानी म्हणेल. खुशाल म्हणू दे.

४. शिलाई मशीन सुनेला. तिची शिवण वाकडी जाते, पण उसवताना ती चिडत नाही, मी चिडते. मोठी कात्रीही तिलाच. कोपऱ्यावरच्या शेजारणीला त्या कात्रीला हात लावू देऊ नये, तिने ती नेऊन पत्रा कापला होता. यांचा खाणीतला हातोडा मुलाला, वापरायला नव्हे, जवळ ठेवायला.

५. सही करण्याआधी ही कलमे मी मुलाला वाचून दाखवली. तो पायरीवर बसून दोराच्या गाठी तपासत होता.

"घर काकांना?"

"हो."

"बरं."

"मग आता उतरू नकोस."

"आई, मला कुठे घर हवंय? तू इथून हलत नाहीस. फोन वाजला की वाटतं, घर खचलं. वर तू झोपणार असशील, तर खाली दगड मीच लावणार."

सून त्यांच्या घरी राहायला चला म्हणून कितीदा बोलवायला आली. दुसरीच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी होऊन राहणार नाही, असे मी दरवेळी सुनावले. आज त्याच्या हाताकडे पाहिले. एकच गाठ तो चौथ्यांदा सोडून मारत होता.

"भीती वाटते का रे?"

"खूप," तो म्हणाला आणि पुन्हा गाठ मारू लागला.

६. सबब कलम ३ रद्द समजावे. मागची भिंत उद्या पाडावी, छप्पर उतरवावे, खड्डा वरून भरावा. मोकळी जागा मुलाची. तिच्यावर कोणी घर बांधू नये. छपराची लाकडे दिरांना बोलावून दाखवावीत. ते काही बोललेच तर निमूट ऐकून घ्यावे आणि चहा द्यावा.

मी सुनेकडे राहायला जात आहे. तिच्या मिठामसाल्यात मी लक्ष घालणार नाही, निदान सुरुवातीला. दोर मुलाकडून काढून घेतला आहे. त्याने शिलाई मशीन हातगाडीवर बांधले.

या कलमाच्या अंमलबजावणीसाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये.

साक्षीदार : १. समोरच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. बेकरीवाले (सही)
दोघांनीही माझ्यादेखत, उंबऱ्याबाहेर उभे राहून सह्या केल्या. आत यायला ते धजावले नाहीत, म्हणून मीच बाहेर आले.

लिहून ठेवणार : (सही)
दिनांक : भिंत पाडण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी
ठिकाण : घरासमोरचा रस्ता