विमानाच्या टाकीतले तांदूळ

अजी,

'प्रिय' लिहायले घेतलं होतं, पण माझं मलेच हसू आलं. इतक्या वर्षांच्या संसारात तुमाले कधी प्रिय म्हटलं नाही, आता कायले म्हणू? अजी म्हटलं की तुमी मान वळवून पाहत होते. तेच बरं आहे.

उद्या सकाळी आपली काजल तुमचं विमान उडवणार आहे. दिनू भाऊजींनी अर्ध्या सडक अर्जुनीले सांगून ठेवलं. आज सांजेच्या आत मले एक काम करायचं आहे, अन् तुमाले न सांगता मी आजवर काही केलेलं नाही. म्हणून हातातली शिलाई बाजूला सारून तुमाले लिहून राहिली. शांतपणे आयका. मधात बोलू नका, तुमाले ती खोडच आहे.

ते इंजिन घरी आलं तो दिवस आठवते का? भंगारवाल्याच्या टेम्पोतून उतरवलं, काळंकुट्ट, तेलानं माखलेलं. हायवेवर पलटलेल्या कोणत्या तरी लहान गाडीचं होतं. मी म्हटलं, "विहिरीवर पंपाले लावता का?" तुमी म्हटलं, "नाही, विमानाले." मी आतमधून लिंबूपाणी आणून दिलं तुमाले. मले वाटलं, ऊन लागलं!

मंग गॅरेजच्या मागं एकेक पाइप जोडून सांगाडा उभा झाला. लोक ट्रकचा पट्टा बदलवायले यायचे अन् विमान पाहत बसायचे. पंखांचं कापड मी शिवलं. ब्लाऊज शिवायच्या मशीनवर विमानाचे पंख, बाप्पा! बाया माप द्यायले आल्या की विचारत, हे कोणाचं लुगडं आहे इतकं लांब? मी हसत होती. खरं सांगू का, मले गंमत वाटून राहिली होती. तुमच्या डोक्यातल्या किड्याले मीच खाऊ घातलं, हे मी नाकारत नाही.

पण इंजिनाचं मले पहिल्यापासून भेव होतं. तुमाले म्हटलंही होतं. गाडी घाटात दमली तं कडेले उभी करता येते, बोनट उघडून पाणी टाकता येते, चार जणांना हाक मारून धक्का मारता येतो. वरती कोण धक्का मारेल? तुमी चिडले नाही. मले बसवून समजावलं, जसं काही मीच उडवणार होती. गाडीचं इंजिन जोरात फिरते, विमानाच्या पंख्याले तितकं जोरात फिरून चालत नाही, म्हणून मधात लहानमोठ्या चाकांवर पट्टा चढवला. इंजिन थंड ठेवणारी पाण्याची जाळी विमानाच्या नाकाखाली बसवली, वारा लागावा म्हणून. नाक जड झालं तं बॅटरी उचलून सीटच्या मागं नेली. इंजिन अन् पाइपाच्या मधात रबर टाकलं, हादरे बसू नये म्हणून. तुमी म्हणत होते, "त्याले अजून माहीतच नाही की ते आता गाडीत नाही. हळूहळू सवय लावावी लागते."

अन् पोरीले? तिले कोणी हळूहळू सवय लावली?

हे आज बोलूनच टाकते. डॉक्टरनं तुमची साखर पाहिली, डोळे पाहिले अन् सांगितलं, उडायचं नाव काढू नका. दोन दिवस तुमी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी काजलले म्हणाले, "तू शिकतेस का?" डिप्लोमा झालेली पोट्टी, बापाचा जीव की प्राण. ती काय नाही म्हणणार होती? परगावी ठेवली, हलकं विमान शिकवणाऱ्याजवळ. शिकूनही आली, चांगली शिकली. शिकवणारा म्हणे, हात हलका आहे हिचा. तुमी पेढे वाटले. पण तुले उडायचं आहे का, असं तुमी तिले एकदा तरी विचारलं का? मले तं आठवत नाही. अन् मीही विचारलं नाही, तुमच्या तोंडावरची खुशी पाहूनच माझं पोट भरलं होतं.

मंग पोळ्याच्या तोंडावर तुमी गेले. गॅरेजात, पान्यानं नट आवळता आवळता छाती धरून बसले, ते उठलेच नाही. अर्धं काम टाकून उठायची तुमची रीत नव्हती. मंग तेव्हाच काऊन? इंजिन नाकावर चढलेलं, पण एकदाही सुरू न झालेलं. किती राग आला होता मले तुमचा! लोक म्हणत होते, रडत काऊन नाही ही. मी रागात होती.

पुढचं सगळं भाऊजी अन् काजलनं केलं. धान कापून झाल्यावर भाऊजींनी आपल्या बांध्यांचे धुरे, ते मधातले मातीचे बांध, फोडून वावर सपाट केलं. धुरे फोडणं म्हणजे काय असते तुमाले माहीत आहे. हातभर धुरा सरकला तं सख्खे भाऊ बोलणं सोडतात आपल्याकडं. पण धुऱ्यांवरून विमान धावत नाही. भाऊजी म्हणाले, "दादासाठी एक साल धान नाही झाला तं मरत नाही आपण." सरळ पट्टी काढली, रोलर फिरवला. साहेब लोक येऊन पाहून गेले, चकरा मारून मारून परवानगीही हातात आली. पेट्रोलची टाकी तुमी केली होती ती जोडातून गळत होती, म्हणून नवी करून आणली. ती आणली त्या दिवशी तुमच्या मायनं तिले हळदकुंकू लावलं. आमी सगळ्यांनी पाहिलं, नमस्कार केला अन् चहा घेतला.

तुमी नेहमी म्हणत होते, इंजिन उडवायच्या आधी बांधून दमवायचं. तसंच केलं. शेपूट मोहाच्या झाडाले जाड दोरानं बांधलं, चाकांसमोर दगड लावले, अन् काजल सीटवर बसली. फागुनाचा महिना, झाडाखाली मोहफुलांचा सडा. पहिल्यांदा पंखा फिरला तं सगळी फुलं मागं उडाली, भाऊजींच्या तोंडावर, माझ्या केसात. अजी, तो आवाज! तुमची माय खाटेवर उठून बसली. मी तेव्हा रडली. सगळ्यांसमोर, हंबरडा फोडून.

हळू चालवलं तं छान चाललं. पूर्ण जोर दिला, चांगलं गुरगुरलं, अन् मंग खोकलून बंद! पुन्हा सुरू केलं, लगेच सुरू झालं. पुन्हा जोर दिला, पुन्हा तेच. भाऊजींनी फिल्टर उघडला, तं एकदम साफ. पंप बदलला. प्लग बदलले. वायरी पाहिल्या. रोज सकाळी बांधायचं, जोर द्यायचा, अन् बंद पडलं की डोकं धरून बसायचं. भाऊजी चिडून इंजिनालेच शिव्या द्यायचे, "काऊन बे, काय पायजे तुले?" लोक म्हणू लागले, मेलेल्या माणसाचा जीव अडकला आहे त्यात. मी म्हटलं, त्यांचा जीव अडकला असता तं त्यांनी इंजिन बंद पडू दिलं नसतं, उलट रात्रंदिवस चालवलं असतं!

या सगळ्यात मी इंजिनाकडं पाहत नव्हती. मले त्यातलं काय समजते? मी पोरीकडं पाहत होती. इंजिन बंद पडलं की भाऊजींचं तोंड उतरायचं. काजलचं नाही. ती कानावरचा हेडफोन काढायची, खांदे सैल सोडायची, अन् सीटवर मागं टेकून डोळे मिटायची. शाळेत बाई आल्या नाही म्हणून पेपर पुढं ढकलला की कशी यायची घरी, तशी. मले वाटलं, थकली असेल.

काल भाऊजींनी टाकीच खाली उतरवली. हलवून पाहिली तं आत खुळखुळ वाजलं. कापड धरून पेट्रोल गाळलं, अन् कापडावर काय निघावं? तांदूळ! पांढरेशुभ्र, सुगंधी, आपल्याच वावरातले. खाटेवरून तुमची माय म्हणाली, "मीच टाकले न ते. नवं भांडं रिकामं ठेवतात का कोणी?"

काय बोलणार तिले? शेजारणीचं वरणाचं पातेलं परत करतानाही आपण त्यात मूठभर दाणे टाकतो. तिच्या लेखी टाकी म्हणजे भांडंच. लेकाचं शेवटचं भांडं. हळू चालवलं की दाणे तळाले निजून राहत, जोर दिला की पेट्रोलच्या ओढीनं तोंडाशी गोळा होऊन नळी बंद करत, अन् इंजिन थांबलं की पुन्हा खाली बसत. म्हणून फिल्टरपर्यंत कधी काही पोचलंच नाही. भाऊजींनी समजावून सांगितलं तेव्हा म्हातारीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे मी नातीले वरतून पाडून राहिली होती का रे?" तेव्हापासून तिनं तोंडात घास घेतला नाही. मी भात कालवून जवळ बसली, तं म्हणे, हा भातच नको मले. शेवटी भाकर दिली, ती अर्धी खाल्ली.

पण तुमाले सांगायचं ते हे नाही.

टाकी धुतली, पुसली, चढवली. बांधून पूर्ण जोर दिला. इंजिन थांबलंच नाही, अजी! टाकी संपेपर्यंत ओरडत राहिलं. भाऊजी नाचले, लहान लेकरासारखे. "सापडलं! दादा, सापडलं!" म्हणून आभाळाकडं पाहून ओरडले. शेजारचे धावत आले. सगळे हसत होते. अन् मी काजलकडं पाहिलं, तं तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

सांजेले ती विहिरीवर हात धूत होती. पेट्रोलचा वास जात नाही म्हणून घासून राहिली होती. मी साबण घेऊन गेली अन् विचारलं, "काय झालं बेटा? चांगलं झालं न?"

"हो," म्हणाली.

"मंग?"

माझ्या हातचा साबण घेतला अन् पुन्हा हात घासू लागली. मंग म्हणाली, "आई, मले भेव वाटते. तिकडं शिकतानाही वाटायचं. उतरली की उलटी व्हायची. बाबाले सांगितलं नाही. रोज सकाळी सीटवर बसायची न, तं मनात म्हणायची, आजही बंद पडू दे. आता तं तांदूळही निघाले. आता काय कारण सांगू?"

मी म्हटलं, "नको उडवू मंग."

"बाबाचं राहून गेलं न, आई. काकांनी धुरे फोडले. मी नाही म्हटलं तं बाबा पुन्हा मरतील."

मी तिचे हात माझ्या हातात घेतले अन् पुसले, तितकंच केलं. तुमी असते तं काय म्हटलं असतं? खरं सांगा. 'भेव वाटणारच, पहिल्यांदा वाटतेच' असं म्हटलं असतं न? अन् पाठीवर हात ठेवून तिले सीटवर बसवलं असतं. प्रेमानंच बसवलं असतं. तुमाले तिचं भेव कधी दिसलंच नसतं, कारण तुमी वरती पाहत राहिले असते.

मले ते विमान वरती गेलेलं पाहायचं होतं, अजी. कोणालेच नव्हतं इतकं. माझे टाके आहेत त्या पंखांत. आजही डोळे मिटले की आपल्या वावरावरून जाताना दिसते मले ते. आज सकाळपासून मी माझ्याशीच भांडून राहिली. एक मन म्हणते, एकदाच जाऊ दे, फक्त हातभर उचलून खाली ठेवू दे, मंग सगळं संपलं. दुसरं मन म्हणते, भ्यालेल्या हातात विमान देणारी आई कोणती? इंजिन आता चांगलं आहे. पोरगी अजून चांगली आहे. पण जिले जायचंच नाही, तिच्या जिवावर तुमची हौस फेडू का मी?

नाही फेडत.

हेच ते काम. हे लिहून झालं की मी गॅरेजात जाणार अन् तिले सांगणार, तुझ्या बापाचं तुझ्याकडं काही देणं राहिलेलं नाही. भाऊजींना सांगीन, विमान उद्या बाहेर निघणार नाही. ते ओरडतील. ओरडू द्या. पुढं कधी तिच्या मनानं तिले वाटलं, कोणासाठी नाही, तिच्या मनानं, तं मीच पहिली येऊन उभी राहीन पट्टीवर. अन् कधीच वाटलं नाही, तं नाही.

माझं एक वचन आहे तुमाले. गावात कोणी म्हटलं की बापाचं सपन पोरीनं मोडलं, तं मी चौकात उभी राहून सांगीन, पोरीनं नाही, बायकोनं मोडलं. दोष माझ्या नावावर घेईन, तिच्यावर येऊ देणार नाही. तुमाले रागवायचं असेल तं माझ्यावर रागवा. माझ्या सपनात या, हवं तितकं भांडा. तिच्या सपनात मात्र हसत या.

जाते आता. काजलनं टाकी भरायच्या आधी पोचायचं आहे.

काजलची आई