तो आल्यापासून

सलमाबाद, बहारीन
५ जानेवारी २०२६

ती. सौ. मेधाताईस,
ओजसचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून लिहायला लावलंस, तर घे. तुझ्या वरच्या खोलीत राहणाऱ्या स्पृहाने तुझ्या घराच्या फोटोखाली लिहिलंय: ‘तो आल्यापासून कसं ऊबदार वाटतंय. जरा गुणगुणतो, पण स्वभावाने शांत.’ हा तो कोण? मी कॉलेज अर्धवट टाकलं म्हणून ती चार महिने माझ्याशी बोलत नाही, आणि हा गुणगुणतो? शिडीवर दाढीवाला दिसतोय, तोच ना? तू त्याला चहाही पाजत असशील! नाव कळव, विषय खलास करतो.

भावोजींना नमस्कार. लोभ ठेव, लपवाछपवी नको.

तुझा ओजस

हॅलिफॅक्स, कॅनडा
२१ जानेवारी

चि. ओजसला अनेक आशीर्वाद.

अरे मठ्ठा, तो म्हणजे हीट पंप! तेलाची भट्टी काढून घर तापवायला बसवला. दाढीवाला ओवैस, तो बसवणारा. चहा पाजलाच, वर त्याच्या बायकोसाठी चकल्याही दिल्या.

तुझं पत्र स्पृहाला दाखवलं. आधी खूप हसली. मग म्हणाली, उणे पंधराच्या हवेतही थोडी ऊब उरलेली असते, शोधणारा हवा. तिच्या आईने स्थळ आणलंय. होळीपर्यंत हो-नाही कळवायचंय. कॉलेजच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का?

माया आहेच, अक्कल तू वाढव.

ताई

सलमाबाद
५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

माझा विश्वास बसेना. आम्ही एसीवाले घरातली उष्णता उपसून बाहेर फेकतो. बाहेरचा डबा नेहमी तापलेला. बर्फातून ऊब? म्हटलं, तुम्हाला कुणीतरी गंडवलं. वर्कशॉपच्या लतीफचाचांना विचारलं, तर त्यांनी मलाच विचारलं की दोन वर्षं कॉलेजात काय झोपा काढल्यास? मग इथल्याच उम्म अल हस्सम भागातून दुरुस्तीला आलेला गरम-थंड एसी त्यांनी हीटवर लावला. बाहेरच्या डब्यापाशी हात धरला. गार! आतला गरम. यंत्र तेच, गॅस तोच, फक्त दिशा उलटी. मी हात काढेना, चाचांना वाटलं शॉक बसला.

फॉर्म भरलाय. पण एक संशय आहेच. ते ऊब उरल्याचं स्पृहा पंपाबद्दलच बोलली ना? विचारू नकोस. नाही, विचारच. आणि तिला एवढंच सांग, की तो शोधतोय.

तो म्हणजे कोण, ते या वेळी समजावू नकोस.

लोभ आहेच, थोडा वरच्या खोलीकडे वळव.

तुझा ओजस