अकरा धुतलेल्या चिपा

अब्बा, तुमच्या कॅसिनोच्या चिपा मी काल विकल्या. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण लिहायले बसलं की मले मराठीच सुचते, शाळा मराठी होती ना. तुमच्यामागं अम्मीही गेल्या वर्षी गेली. आता अहेरीचं घर रिकामं करून मी लेकीकडे चंद्रपूरले चालली आहे. एक एक वस्तू उचलून तिचं काय करायचं ते ठरवता ठरवता जीव नुसता मेटाकुटीले आला. तुमची शिलाई मशीन शेजारच्या बाईले दिली. बटणांच्या डब्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळलेल्या त्या अकरा चिपा निघाल्या. जुगारात पैशाऐवजी मांडतात त्या गोल, जड चकत्या. फेकून द्याव्या म्हणून हातात घेतल्या आणि तशीच बसून राह्यली.

मी चौदा वर्षांची आहे, ईद आहे, आणि तुम्ही गोव्याहून आला आहात. तिथी जहाजावरच्या कॅसिनोत तुम्ही शिंपी. पत्ते वाटणाऱ्यांच्या कोटाले खिसे नसतात, चोरी होऊ नये म्हणून. तसले बिनखिशाचे कोट शिवणं हे तुमचं काम. एखाद्या गिऱ्हाइकाची उसवलेली बाही तुम्ही उभ्या उभ्या शिवून दिली की तो खुश होऊन एखादी चिप हातावर ठेवायचा. तुम्ही त्या कधी वटवल्या नाई. जुगाराचा पैसा घरात नको म्हणाले, नुसत्या आमाले दाखवायले आणल्या. अम्मीले तेवढ्यानंही चैन पडेना. तिनं त्या पाक, म्हणजे पवित्र, करायले घेतल्या. राख न् लिंबू लावून घासल्या, तीनदा पाण्यातून काढल्या, आणि वरची सोनेरी अक्षरं पार घालवून टाकली. तुम्ही बाजूले उकिडवे बसून हसत होते. मग पिशवीतून माझ्यासाठी शिवलेला हिरवा कुर्ता काढला. मी हात मागे घेतला.

"मले नको जुगारातला कपडा. आन् तुम्ही कुठी काम करता ते माझ्या शाळेत कोणाले सांगू नका."

तुम्ही कुर्त्याची घडी घातली. हळूच म्हणाले, "बेटा, मी तिथी सुई धरतो. पत्त्याले हात नाई लावत."

मी ऐकून घेतलं नाई. मैत्रिणींले सांगून टाकलं की अब्बा कापडाच्या मोठ्या दुकानात कटिंग मास्तर आहेत. कुर्ता मामेबहिणीले गेला. तिले छान बसला, आणि त्याचाही मले रागच आला.

तर आता विकायचं कसं ते ऐका, तुमाले हसू येईल. असल्या चिपा जमवणारे लोक असतात, आणि त्यांचा लिलाव मोबाइलवर चालतो. नागपूरचे एक रिटायर्ड गुरुजी या नादातले. त्यांनी फोनवर सगळं शिकवलं. फोटो उन्हाच्या उजेडात, साध्या कापडावर, दोन्ही बाजूंचे आणि कडेचाही. बाजूले मोजपट्टी ठेवायची. मी तुमचा टेप ठेवला. जे खराब असेल ते आधीच सांगायचं, नाई तर घेणारा परत पाठवतो. बोली कमीपासून सुरू करायची, ओळखीच्याले सांगून ती वाढवायची नाई. पाठवताना प्रत्येक चिप वेगळी गुंडाळायची, एकमेकींवर घासू द्यायची नाई. आणि मुख्य म्हणजे कधी धुवायची नाई. मी अम्मीचं सांगितलं तर ते फोनवरच हळहळले. "अहो बाई, काऊन धुतल्या हो? अक्षरं राह्यली असती तर लोक तुटून पडले असते." मी म्हटलं, आमच्या घरात त्या तशा ठेवताच आल्या नसत्या. मग म्हणाले, धुतल्याचं लिहा. लिहिलं. अक्षरं गेली, दोन चिपांच्या कडा झिजल्या, सगळं लिहिलं, एकही डाग लपवला नाई.

शेवटचा रकाना होता, वस्तू कुठून आली. गुरुजी म्हणाले, इथी खरी हकिकत लिहा, शिंप्याले बक्षीस मिळालेल्या चिपा दुसऱ्या कोणाकडे निघणार नाईत. हकिकत एवढीशी होती, अब्बा. चार ओळी. पण त्या पानावर माझं नाव दिसत होतं, आणि लेकीच्या सासरचे लोक दिवसभर मोबाइलच घेऊन असतात. मी लिहिलं, मूळ मालक माहीत नाही.

हे पत्र टाकायले पेटी नाई, लेकीच्या घरी कोणाले वाचून दाखवायची हिंमतही नाई. चिपा गेल्या. घेणाऱ्यानं काही विचारलं नाई. एक सांगायचं राह्यलं. बोली संपायले दोन दिवस होते, आणि तोवर तो रकाना बदलता येत होता. मी तो सात-आठदा उघडला. दरवेळी वाचला आणि तसाच बंद केला.